आईच्या खोलीतला एसी: दुरुस्ती की नवा? (मांद्रे, गोवा, ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२५)

९ ऑगस्ट, शनिवार

आज राखीपौर्णिमा. दादाचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी आईच्या खोलीत स्टुलावर उभी होते आणि एसीच्या तोंडाला हात लावून बघत होते. वारा येतोय, पण गार नाही. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "अकरा वर्षं झाली ना? नवीन घेऊन टाक, अर्धे पैसे मी देतो." राखीची ओवाळणी म्हणून बरी आहे, पण मला त्याचं हे "घेऊन टाक" पटत नाही. घेऊन टाकणारा पुण्यात असतो आणि घेतलेल्याचं निस्तरणारी मांद्र्यात.

म्हणून ही वही. काय बिघडलं, कोण काय म्हणालं, किती लागले, सगळं तारखेनं लिहायचं. निर्णय दोघांना मिळून घ्यायचा आहे, तर कागद दोघांपुढे एकच असावा.

मशीन: दीड टनाचा स्प्लिट, इन्व्हर्टर नसलेला (म्हणजे कंप्रेसर एकतर पूर्ण चालणार, नाहीतर बंद), २०१४ साली घेतलेला, आत गारवा करणारा गॅस आर-२२ जातीचा. खोली अकरा बाय बारा फूट, चिऱ्याच्या भिंती, वर लाकडी माळा आणि त्यावर नळे. घरापासून समुद्र अर्धा किलोमीटरही नाही. मधे सुरूची झाडं आहेत, पण पावसाळी वाऱ्याला ती अडवत नाहीत.

ज्यांना वाटतं की पावसात एसी कशाला, त्यांनी ऑगस्टमध्ये इथे येऊन राहावं. उकाडा नसतो, ओल असते. आईला दमा आहे. एसी बंद पडून चार दिवस झाले, तर शाळेच्या प्रयोगशाळेतून आणलेला आर्द्रतामापक खोलीत ८८ टक्के दाखवतोय. तिच्या भजनाच्या वहीच्या पुठ्ठ्यावर पांढरी बुरशी धरली आहे. ती म्हणते, "घरालाच घाम फुटलाय."

१० ऑगस्ट

मेस्त्रीला बोलावण्याआधी आपल्याला बघता येईल तेवढं बघितलं. जाळी स्वच्छ आहे, मी दर पंधरवड्याला धुते. आउटडोअरचा पंखा फिरतो. कंप्रेसर सुरू होतो हे वेगळं बघावं लागत नाही: तो सुरू झाला की देवघरातला झिरोचा बल्ब क्षणभर मंद होतो. म्हणजे त्याला सुरू व्हायला धक्का देणारा कपॅसिटर ठीक असावा. मग आउटडोअरपाशी बारीक पाइपाच्या नटावर बघितलं तर तिथे पांढरा बर्फ. पाऊण तास चालल्यावर इनडोअरच्या कॉइलच्याही (गॅस फिरतो त्या वळणावळणाच्या नळीच्या) एका कोपऱ्यात बर्फ, बाकीची कॉइल कोरडी.

बर्फ दिसला की लोकांना वाटतं मशीन फार गार करतंय. आहे उलट. आत गॅस कमी झाला की कॉइलमधला दाब पडतो, दाब पडला की गॅस शून्याच्याही खालच्या तापमानाला उकळायला लागतो, आणि कॉइलच्या सुरुवातीच्या थोड्याशा भागातच सगळा उकळून संपतो. तेवढा तुकडा गोठतो, उरलेली कॉइल रिकामी.

जुन्या पावत्या काढल्या. गॅस भरला: मे २०२०, एप्रिल २०२२, जून २०२३, मे २०२४, मार्च २०२५. मधलं अंतर महिन्यांत: २३, १४, ११, १०. आणि आता ५. पाच वेळचे मिळून १३,१०० रुपये. हे आकडे एका ओळीत लिहीपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. दर वेळी "गॅस संपला" एवढंच ऐकलं आणि पैसे दिले. एसीतला गॅस हा गाडीतल्या पेट्रोलसारखा संपत नाही, तो बंद नळीत फिरतच राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी भोक आहे, आणि या आकड्यांवरून ते भोक मोठं होतंय.

१३ ऑगस्ट

नेहमीचा मेस्त्री आला. दाब मोजायचं गेज लावलं, कंप्रेसर चालू असताना ३८ पीएसआय. आर-२२ ला ६० ते ७० च्या दरम्यान हवं. त्यानं सिलिंडर आणायला पोराला पाठवलंच होतं, मी थांबवलं. म्हटलं, आधी भोक शोधा.

तो हसला. "बाय, गॅस भरतां, पूण रावचो ना." भरतो, पण राहायचा नाही. हे त्याला माहीत होतं, गेली दोन वर्षं माहीत असणार! मग बोलला का नाहीस, विचारलं, तर म्हणाला, "तुम्ही विचारलं नाही. लोकांना आजच्या आज गार हवं असतं." त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही. मलाही आजच्या आजच गार हवं असायचं.

अजून एक चूक माझी. मार्चमध्ये मशीन बंद असताना त्यानं गेज लावलं होतं आणि दीडशेच्या वर दाब दाखवला होता, तेव्हा मी "भरपूर आहे की" असं म्हटलं होतं. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला हे शोभत नाही. बंद मशीनमध्ये थोडा जरी द्रव गॅस उरलेला असेल तरी दाब त्या दिवसाच्या तापमानाइतकाच राहतो, स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा. सिलिंडर भरलाय की संपत आलाय हे दाबावरून नाही, वजनावरून कळतं.

शनिवारी भोक शोधायला, दाबाने भरायचा नायट्रोजन घेऊन येतो म्हणाला.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन करून आले. उद्या चाचणी. त्याआधी निर्णय लिहून ठेवते, म्हणजे निकाल आल्यावर मन पळवाटा काढणार नाही.

गळती फ्लेअर नटाला (पाइप जोडतात त्या नटाला) असेल तर नळीचं तोंड नव्याने करून घ्यायचं, गॅस भरायचा, मशीन अजून वापरायचं. कॉइलच्या बाहेरच्या यू-वळणावर एखादं भोक असेल तर वेल्डिंग करायचं, आणि वर्षभर बघायचं. पण कॉइलच्या आत, पत्र्यांच्या मधल्या नळीत असेल, तर तिथे वेल्डिंगची ज्योत पोचत नाही. मग कॉइल बदलणं किंवा मशीन बदलणं, एवढंच उरतं.

दादाला पाठवलं. त्यानं उलट इंटरनेटवरचा "पाच हजारांचा नियम" पाठवला: मशीनचं वय गुणिले दुरुस्तीचा खर्च, उत्तर ५,००० च्या वर गेलं तर नवीन घ्या. हा नियम अमेरिकेतला, डॉलरमधला, तिथल्या अख्ख्या घराच्या यंत्रणेसाठीचा. रुपयांत धरला तर अकरा वर्षांच्या मशीनला ५०० रुपयांची दुरुस्तीसुद्धा करायची नाही! मुद्दाम उत्तर दिलं नाही. खरा खर्च कळला की दोन्ही चलनांत करून दाखवीन.

१६ ऑगस्ट, शनिवार

आजचा दिवस नीट लिहायला हवा.

नायट्रोजन भरायच्या आधी आतला उरलेला आर-२२ काढावा लागतो. मेस्त्रीनं नट सैल करून तो हवेत सोडला. परत गोळा करायचं मशीन त्याच्याकडे नाही. मी नववीला ओझोनचा धडा शिकवते, १९८७ चा मॉन्ट्रिअल करार फळ्यावर लिहिते, आणि माझ्याच पडवीत फुस्स आवाज झाला. लिहून ठेवते, लपवण्यासारखं नाही पण मिरवण्यासारखंही नाही.

दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी नायट्रोजन २५० वर भरला. साबणाचं पाणी नटांना लावलं, बुडबुडे नाहीत. मेस्त्री म्हणाला, कॉइलमध्ये असेल, पण कुठल्या? आतल्या की बाहेरच्या? मग त्यानं जे केलं ते मला फार आवडलं. आउटडोअरच्या दोन्ही चाव्या (पाइपांचे व्हॉल्व्ह) बंद केल्या. आता इनडोअर आणि पाइप एका बाजूला कोंडले गेले, आउटडोअर दुसऱ्या बाजूला, आणि गेज लागलेलं आहे ते इनडोअरच्या बाजूला. "उद्या सकाळी येतो. गेजला हात लावू नका."

१७ ऑगस्ट

सकाळी साडेसातला गेज २४८. रात्री पाऊस पडून हवा दोन-तीन अंशांनी उतरली होती, तेवढ्याने दाब दोनने कमी होणारच. म्हणजे इनडोअर आणि पाइप धडधाकट. मग त्यानं चावी उघडली. काटा सरकन खाली आला आणि १९५ वर थांबला. रात्रभर आउटडोअरमधून नायट्रोजन निघून गेला होता, त्याची रिकामी जागा भरायला इनडोअरचा धावला. काही न सोडवता, काही न कापता, आरोपी सापडला.

आउटडोअरचं झाकण काढलं. समुद्राकडच्या बाजूच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्या पांढऱ्या पडलेल्या. बोटानं दाबल्या तर भाजलेल्या पापडासारखा चुरा झाला. मिठाची ओल धरली की तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागून असणं हेच वैर ठरतं, आणि त्यात आधी ॲल्युमिनियम मरतं. सगळ्यात खालच्या दोन ओळींत, जिथे पाणी साचून राहतं, तिथे साबण ओतल्यावर पत्र्यांच्या आतून बारीक फेस आला. एका ठिकाणी नाही, तीन ठिकाणी.

म्हणजे माझ्या परवाच्या नोंदीतला तिसरा प्रकार.

१९ ऑगस्ट

खर्च कळला. आउटडोअरसाठी मापाची कॉइल बनवून ९,५००, वेल्डिंग, नायट्रोजन, व्हॅक्यूम (पंपाने पाइपातली हवा आणि ओल काढणं) आणि गॅस मिळून ५,०००. एकूण १४,५००. कंपनीची मूळ कॉइल आता मिळत नाही.

दादासाठी हिशेब: रुपयांत ११ गुणिले १४,५०० म्हणजे १,५९,५००, नवीन घ्या. डॉलरमध्ये तेच १४,५०० म्हणजे साधारण १६५ डॉलर, गुणिले ११, सुमारे १,८००, म्हणजे दुरुस्त करा. एकच मशीन, एकच नियम, दोन उत्तरं. नियम बाद.

मला वाटतं प्रश्न असा विचारायला हवा: १४,५०० दिले तर नक्की काय विकत मिळतं? नवी बाहेरची कॉइल मिळते. पण कंप्रेसर अकरा वर्षांचा, आतली कॉइल अकरा वर्षांची, आणि नवी कॉइल लागणार त्याच पश्चिमेच्या भिंतीवर, त्याच खाऱ्या वाऱ्यात. शिवाय आर-२२. त्याची नवी मशीनं बनवणं आपल्याकडे या जानेवारीपासून बंद झालं आहे. दुरुस्तीसाठी गॅस अजून मिळतो, पण ज्याचा पुरवठा ठरवून आटवला जातोय त्यात १४,५०० घालायला हात धजत नाही.

दुसऱ्या बाजूनं: दुकानदार म्हणतात "नवीन घ्या, वीजबिलातच दोन वर्षांत पैसे वसूल". हेही खोटं. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी प्लगचं मीटर लावून मोजलं होतं, जुना एसी रात्रीच्या आठ तासांत ६.२ युनिटं खायचा. आमच्याकडे वरच्या टप्प्यातलं युनिट सगळं धरून सहा रुपयांच्या आसपास पडतं. वर्षात २१० रात्री धरल्या तरी जुन्याचं अख्खं बिल ७,८०० होतं. नव्यानं अर्धी वाचवली तरी चार हजारांच्या आत. दोन वर्षांत वसूल हे गणित जिथे वीज महाग आहे तिथलं आहे, गोव्याच्या वीज खात्याच्या बिलावर ते बसत नाही.

म्हणजे नवा घ्यायचा तर विजेसाठी नाही. घ्यायचा तो मिठासाठी.

२४ ऑगस्ट

चवथ तीन दिवसांवर. एसीचा विषय बंद. भिंतींना रंग, माटोळीची (गणपतीवर फळं-पानं बांधायच्या चौकटीची) लाकडं उतरवणं, आणि दादा कुटुंबासह येतोय. आईचं अंथरूण माजघरात हलवलं आहे. तिथे वारा खेळतो आणि ओल कमी, ७९ टक्के.

१ सप्टेंबर

पाच दिवसांचा गणपती काल पोचवला. गर्दीत दादा आणि मी पश्चिमेच्या भिंतीपाशी उभं राहून आउटडोअर बघितला. त्याला पत्र्यांचा चुरा करायला लावला. त्यानंतर तो "घेऊन टाक" म्हणाला नाही. म्हणाला, "हा इथे लावायची अक्कल कोणाची?" बाबांची. तिथे मोकळी जागा होती म्हणून. तेव्हा कोणाला सुचलं नाही.

४ सप्टेंबर

काल रात्री जाहीर झालं: एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के, २२ तारखेपासून. आज सकाळीच म्हापशाच्या एका दुकानातून फोन, "आजच बुक करा, ऑफर संपेल." अठरा दिवस थांबले तर १२८ रुपयांची वस्तू ११८ ला मिळणार आहे, म्हणजे जवळजवळ आठ टक्के कमी. आईला विचारलं. ती म्हणाली, माजघरात मला बरं वाटतं, थांबा.

७ सप्टेंबर

जणू कमी होतं म्हणून वरच्या खोलीतला एसी बंद पडला. हा २०१९ चा, इन्व्हर्टर, आर-३२ या नव्या जातीच्या गॅसचा. दिवा लुकलुकतो, आउटडोअर सुरूच होत नाही. उघडला तर सर्किट बोर्डावर वाळलेली पाल. बोर्डावरच्या दोन पिनांमध्ये अडकून स्वतःही गेली आणि बोर्डाचा एक भागही घेऊन गेली.

हा दुरुस्त करायचा, विचार करायलाही नको. कॉइल पूर्वेला, पत्र्यांवरचा गंजरोधक निळा लेप अजून तसाच, गॅस एकदाही भरलेला नाही. म्हापशात बोर्ड दुरुस्त करणाऱ्याने ३,२०० घेतले, वर संरक्षक लेप लावून दिला. पाइप आत जातो त्या भोकाला मी एम-सील लावलं.

पण या पालीनं मला एक गोष्ट दाखवली. एकाच घरात, एकाच समुद्रापाशी, पूर्वेच्या भिंतीवरचं मशीन सहा वर्षांत निळं आहे. घर मधे उभं राहून वारा अडवतं. वयाचा फरक आहे, मान्य, पण पश्चिमेचं मशीन सहाव्या वर्षी, म्हणजे २०२० मध्ये, पहिल्यांदा गळलं होतं.

१४ सप्टेंबर

किती टनाचा? सगळे म्हणतात दीडच घ्या, आधी दीडच होता.

देवघरातल्या बल्बची आठवण कामाला आली. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आई आजारी असताना मी रात्री जागी होते, आणि मीटरची नोंद त्याच आठवड्यातली आहे. कंप्रेसर तासात साधारण सत्तावीस मिनिटं चालायचा. बाकी वेळ नुसता पंखा. ६.२ युनिटांचा हिशेबही तेच सांगतो, पूर्ण वेळ चालला असता तर आकडा दुप्पट झाला असता. एप्रिलच्या रात्री दीड टन अर्धा वेळसुद्धा लागत नसेल, तर या खोलीला एक टन पुरून उरतो.

आणि पुरून उरतो एवढंच नाही, तोच बरा. मोठं मशीन खोली झटक्यात गार करतं आणि कंप्रेसर थांबतो. थांबला की पंखा ओल्या कॉइलवरचं पाणी पुन्हा खोलीत उडवतो. पारा २५ दाखवतो आणि चादर दमट लागते. आईची अकरा वर्षांची तक्रार, "गार आहे पण बरं वाटत नाही", ती हीच असणार. ओल काढायची तर कॉइल सलग, हळू, बराच वेळ गार राहिली पाहिजे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

शाळेला अर्धी रजा टाकून म्हापशाच्या बाजारात. आधी चवळी आणि सुकी मासळी, मग तीन दुकानं.

एका पोऱ्यानं "हॉट अँड कोल्ड" मॉडेल दाखवलं, हिवाळ्यात गरम हवा देणारं. जानेवारीतसुद्धा पणजीचा पहाटेचा पारा विशीच्या आसपास असतो. गोव्यात गरम लागतं ते आंघोळीचं पाणी.

एक टन, पाच तारे: ३७,५००, सोमवारपासून ३४,५७०. तीन तारे: ३१,०००, सोमवारपासून २८,५७८. फरक ५,९९२. लेबलवर वर्षाची युनिटं दिलेली असतात, १६०० तास धरून. आमच्या २१० रात्री गुणिले आठ म्हणजे १,६८०, जवळपास तेच, म्हणून लेबलावर विश्वास ठेवायला हरकत नाही. पाच ताऱ्यांचं ५१८, तीनचं ६७२. फरक १५४ युनिटं, वर्षाला ९२४ रुपये. जास्तीचे पैसे वसूल व्हायला साडेसहा वर्षं. समुद्राकाठच्या मशीनला साडेसहा वर्षं म्हणजे उतारवय.

माझं मत तीन तारे आणि वाचलेल्या पैशांत आउटडोअर पूर्वेला, न्हाणीमागे, विहिरीच्या बाजूला हलवणं. दादाचं मत पाच तारे. रात्री तासभर फोन. शेवटी ठरलं: तारे त्याचे, टन आणि जागा माझी. अर्धे पैसे तो देतोय तर अर्धा हट्ट त्याचा.

वॉरंटी कार्ड दुकानात उभं राहून पूर्ण वाचलं. कंप्रेसर दहा वर्षं, बाकी भाग एक वर्ष, गंज वगळून. म्हणजे जे आमच्याकडे मरतं तेच वगळलेलं. निळा लेप असलेली तांब्याची कॉइल आहे का एवढं बघून घेतलं.

२२ सप्टेंबर

घटस्थापना. सकाळी घट बसवला, दुपारी पैसे भरले. ३४,५७०, बिलावर १८ टक्के.

२७ सप्टेंबर, शनिवार

बसवायला दोन पोरं आली. पहिलं वाक्य: "जुनाच पाइप वापरू, ताई, तुमचे पैसे वाचतील." जुन्या पाइपात आर-२२ बरोबर फिरणारं खनिज तेल अकरा वर्षं मुरलेलं. आर-३२ च्या कंप्रेसरचं तेल वेगळ्या जातीचं, दोघांचं जमत नाही. आणि आर-३२ चा दाब आर-२२ च्या दीडपटीपेक्षा जास्त. नको म्हटलं. तसंही पाइप आता पूर्वेला न्यायचा होता, लांबी पुरली नसतीच.

दुसरं: व्हॅक्यूम पंप कुठे आहे? एकमेकांकडे बघायला लागले. "गॅस सोडून हवा काढतो ना, नेहमी तसंच करतो." पाइपात राहिलेली हवा आणि ओल ही गॅसबरोबर फिरत राहते, तेल सडवते, आणि आर-३२ पेट घेऊ शकणारा गॅस आहे. पडवीत आई पोथी वाचत बसलेली, तिथे तो मोकळा सोडायचा? पंप घेऊन या, म्हटलं. ते गेले. आईला वाटलं मी त्यांना उगाच हाकललं, जेवून तरी जाऊ द्यायचं होतं.

२९ सप्टेंबर

पंप आला, त्याच्याबरोबर दुकानाचा मोठा मेस्त्रीही. व्हॅक्यूम पाऊण तास चालवला, मग पंप बंद करून पंधरा मिनिटं काटा बघितला, हलला नाही. आउटडोअर न्हाणीमागे, जमिनीपासून दोन फूट वर, पाठीमागे वीतभर जागा सोडून.

खर्च: मशीन ३४,५७०, जास्तीचा पाइप पाच मीटर ४,५००, स्टँड १,२००, बसवणूक १,५००. एकूण ४१,७७०. जुन्याचं तांबं आणि लोखंड भंगारवाल्याने २,४०० ला नेलं.

२ ऑक्टोबर

दसरा. आईनं सुरी, विळी, माझी स्कूटर आणि नव्या एसीला झेंडूचं फूल लावलं. फूल हवा जिथून बाहेर पडते त्या फटीत खोचलं होतं. काढून वर चिकटवलं.

१२ ऑक्टोबर

ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला, आता मोजण्यात अर्थ आहे. दहा रात्रींची सरासरी २.९ युनिटं. लेबलाच्या हिशेबापेक्षा थोडं जास्त, पण आई २४ वर ठेवून दार उघडं टाकते हे लेबल बनवणाऱ्यांना कुठे माहीत. खोलीतली आर्द्रता पहाटे ५७ टक्के.

दादानं विचारलं, वर्षाला किती वाचतील? ३.३ युनिटं गुणिले २१० गुणिले सहा: ४,१५८. त्याला बरं वाटलं.

पश्चिमेच्या भिंतीवर जुन्या स्टँडची चार भोकं राहिली आहेत, आणि खाली चिऱ्यावर गंजाचा तांबडा ओघळ. भोकं बुजवायची आहेत.

२६ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीतलं काम: आउटडोअर साध्या पाण्याने धुतला. विहिरीचं गोडं पाणी, बादलीने, जोर न लावता, वरून खाली. प्रेशरची तोटी लावली तर पत्र्या वाकतात. पंधरवड्याला एकदा, कॅलेंडरवर खूण केली. वरच्या खोलीचाही धुतला.

एसीच्या पाण्याची नळी पूर्वी भिंतीवरच गळायची, आता ती बादलीत सोडली आहे. काल रात्री साडेदहा ते सकाळी साडेसहा, शाळेच्या मोजपात्राने मोजलं: ५ लिटर ६०० मिलिलिटर. एवढं पाणी एका रात्रीत आईच्या खोलीच्या हवेतून निघालं. तिला बादली दाखवली. तिनं वाकून बघितलं, म्हणाली, "एवढं?" आणि बादली उचलून जास्वंदीला ओतायला निघाली. मी म्हटलं, थांब, अजून लिहून व्हायचंय.